कुटुंबाच्या सहलीसाठी फास्ट प्राइम लेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहल ठरली आहे, कॅमेरा आहे, त्यासोबत मिळालेली झूम लेन्सही (किट लेन्स) आहे, आणि आता एक चांगली प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घ्यावी असं मनात आहे, अशांसाठी हे पान. बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो एफच्या आकड्याबद्दल, म्हणजे लेन्स किती उघडते त्याबद्दल: १.८ की १.४? तो प्रश्न खाली आहेच. पण आपल्या माणसांचे फोटो काढताना आपण त्यांच्यापासून किती लांब उभे असतो, हा त्याच्या आधीचा प्रश्न. लेन्स त्या अंतरावर ठरते.

किट लेन्स आहेच की. मग प्राइम कशाला?

दिवसाउजेडी फिरणार असाल तर खरंच गरज नाही. १८-५५ एमएमची साधी झूम उन्हात उत्तम फोटो देते आणि ती वाईट असते हा गैरसमज आहे. घोडं अडतं ते संध्याकाळनंतर. ही झूम १८ वर एफ/३.५ पर्यंत उघडते, पण ५५ वर नेली की एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही. एफ/१.८ ची प्राइम एफ/५.६ च्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते.

दहापट म्हणजे प्रत्यक्षात किती, ते पाहा. रात्री बऱ्यापैकी दिवे लावलेल्या खोलीत मुलं खेळताहेत आणि शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/२५० सेकंद हवा आहे. एफ/५.६ ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १२,८०० च्या आसपास जाईल. चेहऱ्यावर रवाळपणा येईल आणि रंग मळके दिसतील. तोच फोटो एफ/१.८ ला साधारण आयएसओ १२५० मध्ये निघतो, आणि आजच्या कुठल्याही कॅमेऱ्यात आयएसओ १२५० म्हणजे काहीच नाही. रेल्वेचा डबा, संग्रहालय, गुहा, सूर्य बुडाल्यावरचा किनारा, सगळीकडे हाच हिशोब.

दुसरं कारण वजन आणि आकार. लहान प्राइम लावलेला कॅमेरा गळ्यात राहतो. मोठी झूम लावलेला बॅगेत जातो, आणि बॅगेतल्या कॅमेऱ्याने कोणी फोटो काढत नाही.

लेन्स ‘फास्ट’ असते म्हणजे ती फोकस लवकर करते का?

नाही. फोकसचा वेग मोटरवर अवलंबून असतो. इथे वेग शटरचा: लेन्स जास्त प्रकाश आत घेते, म्हणून शटर लवकर बंद करता येतं. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) भागिले अ‍ॅपर्चरचा (प्रकाश आत येण्याच्या भोकाचा) व्यास. ५० एमएम एफ/१.८ मध्ये तो व्यास सुमारे २८ मिलिमीटर भरतो, तीच लेन्स एफ/५.६ वर आणली की जेमतेम ९. आकडा लहान, भोक मोठं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ या ओळीत एकेक पायरी पुढे गेलं की प्रकाश निम्मा होतो. या पायरीलाच स्टॉप म्हणतात. एवढं लक्षात ठेवलं की पुढची सगळी गणितं तोंडी सुटतात.

मग एफ/१.८ घेऊ, एफ/१.४ की एफ/१.२?

सहलीसाठी एफ/१.८ किंवा एफ/२. माझं मत इथे अगदी पक्कं आहे.

एफ/१.८ वरून एफ/१.४ वर गेलात की प्रकाश दोन-तृतीयांश स्टॉपने वाढतो. म्हणजे जिथे आयएसओ २५०० लागत होता तिथे १६०० लागेल. फोटो शेजारी शेजारी ठेवून, मोठे करून पाहिले तर फरक दिसेल, घरच्या अल्बममध्ये दिसणार नाही. एफ/१.२ ला एफ/१.८ च्या सव्वादोनपट प्रकाश मिळतो, स्टॉपमध्ये मोजला तर एकाहून थोडा जास्त. त्यासाठी काय उचलावं लागतं? सोनीची एफई ५० एमएम एफ/१.८ आहे १८६ ग्रॅमची, आणि त्याच कंपनीची ५० एमएम एफ/१.२ जीएम ७७८ ग्रॅमची. छोट्या बॉडीवर ही दुसरी लावली की नाकापेक्षा मोती जड.

शिवाय तीक्ष्ण दिसणारा पट्टा किती अरुंद होतो तेही बघा. फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिलिमीटरचा मोठा सेन्सर) ५० एमएमने दीड मीटरवरून फोटो काढला, तर एफ/१.८ ला साधारण १० सेंटिमीटर खोलीइतकाच भाग नीट फोकसमध्ये असतो. एफ/१.२ ला तो साडेसहावर येतो. मुलाने मान जरा वळवली की एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर. स्टुडिओत बसलेल्या मॉडेलसाठी हे चालतं. धावत येऊन गळ्यात पडणाऱ्या लेकरासाठी नाही.

एफ/१.८ आणि एफ/२ मध्ये तर एक-तृतीयांश स्टॉपचा फरक. त्यावर एक मिनिटही घालवू नका, त्यातली जी हलकी असेल ती घ्या.

किती एमएमची घ्यावी?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. खालचे आकडे फुल फ्रेमचे आहेत, क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा हिशोब पुढच्या प्रश्नांत येईल.

चार माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, रुंदी साधारण दोन मीटर. कॅमेरा आडवा धरून ती चौघं फ्रेममध्ये जेमतेम बसवायला २४ एमएमने तुम्हाला सुमारे १.३ मीटर लांब उभं राहावं लागेल. ३५ ने जवळपास २ मीटर, ५० ने २.८ मीटर, ८५ ने तब्बल ४.७ मीटर. आजूबाजूला थोडी मोकळी जागा हवी असेल तर प्रत्येक अंतर आणखी वाढवा.

आता सहलीतल्या जागा डोळ्यांसमोर आणा. समोरासमोरची आसनं, टेबलापलीकडे बसलेली आजी, हॉटेलची खोली, होडी, अरुंद जिना, गर्दीचा रस्ता. बहुतेक ठिकाणी तुमच्या आणि माणसांच्या मध्ये एक ते अडीच मीटर जागा असते. मागे सरकायला गेलात तर भिंत लागते, नाहीतर मध्ये तिऱ्हाईत माणसं येतात. म्हणून बहुतेक कुटुंबांना मी ३५ एमएमच सुचवेन. माणूस कमरेपासून वर येतो, मागची जागाही कळते, आणि फोटो काढणारा गप्पांतून बाहेर फेकला जात नाही.

५० एमएम कोणासाठी? ज्यांना चेहरे टिपायला आवडतात, घरात एकच मूल आहे किंवा दोघंच फिरायला निघाले आहेत, आणि सहल मोकळ्या जागेची आहे, त्यांच्यासाठी. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फ्रेमचा कर्ण ४३ मिलिमीटर भरतो, त्यामुळे ४० ते ५० च्या लेन्समधून जग ताणलेलंही दिसत नाही आणि दाबलेलंही नाही. ४० एमएम हा दोन्हींतला सुवर्णमध्य आहे आणि त्याची चर्चा उगाचच कमी होते.

२८ आणि २४ एमएम इमारती, डोंगर आणि दाटीवाटीच्या जागांसाठी छान. पण त्यांनी चांगला फोटो काढायचा तर माणसांच्या खूप जवळ जावं लागतं, आणि सगळ्यांना ते जमत नाही, रुचत तर त्याहून नाही. ८५ एमएम सुंदर चेहरे देते, पण एकुलती एक लेन्स म्हणून सहलीला नेऊ नका. अर्ध्या वेळा तुम्ही मागे मागेच चालत राहाल.

३५ एमएमने चेहरे वेडेवाकडे दिसतात म्हणे?

फार जवळून काढलेत तरच. चेहऱ्याची ठेवण बिघडते ती अंतरामुळे, फोकल लेंथमुळे नाही. अर्ध्या मीटरवरून कुठल्याही लेन्सने नाक मोठं आणि कान लहान दिसतील. सव्वा-दीड मीटर लांब राहा, तक्रार उरत नाही. मात्र रुंद लेन्समध्ये फ्रेमच्या अगदी कडेला असलेली माणसं आडवी ताणली जातात, म्हणून गटाच्या फोटोत कडेला थोडी जागा सोडावी. कडेच्या काकूंना जाड दाखवल्याचं बिल फोटोग्राफरच्याच नावावर फाटतं.

माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे. काय बदलतं?

दृश्याची रुंदी बदलते. क्रॉप सेन्सरचे नेहमीचे दोन प्रकार: एपीएस-सी आणि त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत फोकल लेंथला १.५ ने गुणा, कॅननच्या एपीएस-सीमध्ये १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्समध्ये २ ने. म्हणजे ३५ एमएमसारखं दृश्य हवं असेल तर एपीएस-सीवर २२ ते २४ एमएमची लेन्स शोधा आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १७ एमएमची. ५० सारखं हवं तर अनुक्रमे ३०-३५ आणि २५.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. ‘पहिली प्राइम ५० एमएम एफ/१.८ घे’ हा सल्ला सरसकट दिला जातो. क्रॉप सेन्सरवर ती लेन्स ७५-८० एमएमसारखं दृश्य देते. फोटो अप्रतिम येतात, पण खोलीत चौघं फ्रेममध्ये मावत नाहीत. स्वस्त, हलकी आणि चांगली लेन्स असूनही ती सहलीत बॅगेतच राहते, ती यामुळे.

प्रकाशाचा हिशोब मात्र बदलत नाही. एफ/१.८ कुठल्याही सेन्सरवर एक्स्पोजरला एफ/१.८ च. फक्त एकाच चौकटीच्या फोटोत लहान सेन्सरवर मागचा भाग कमी धूसर होतो. मायक्रो फोर थर्ड्सवर २५ एमएम एफ/१.८ ने मागची धूसरता साधारण फुल फ्रेमवरच्या ५० एमएम एफ/३.५ इतकी मिळते. सहलीच्या दृष्टीने हा तोटा कमी आणि सोय जास्त.

नावं सांगा ना. नेमकी कुठली लेन्स?

सगळ्या नाही, पण पटकन डोळ्यांसमोर येणाऱ्या सांगता येतील.

निकॉनच्या क्रॉप मिररलेसला (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना) झेड डीएक्स २४ एमएम एफ/१.७ आहे, वजन १३५ ग्रॅम, दृश्य ३६ एमएमसारखं. सहलीसाठीच बनवल्यासारखी. फुल फ्रेम झेडसाठी ४० एमएम एफ/२, १७० ग्रॅम. जुन्या क्रॉप डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर) एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ/१.८जी, २०० ग्रॅमची. २००९ साली आलेली ही लेन्स अजूनही अनेकांची पहिली प्राइम ठरते.

कॅननच्या फुल फ्रेम आरएफ कॅमेऱ्यांवर ३५ एमएम एफ/१.८ मॅक्रो आयएस एसटीएम. ३०५ ग्रॅम म्हणजे फार हलकी नाही, पण लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे आणि १७ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस होतो. शिंपले, फुलं, बाळाची बोटं, सगळं तिच्यातच भागतं. ५० एमएम एफ/१.८ एसटीएम १६० ग्रॅमची. क्रॉप आरएफवर २८ एमएम एफ/२.८ फक्त १२० ग्रॅमची आहे आणि ४५ एमएमसारखं दृश्य देते. एफ/२.८ ला फास्ट म्हणायला जीभ अडखळते, पण खिशात मावते हे खरं. जुन्या क्रॉप डीएसएलआरसाठी ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएमचीही तीच गोष्ट.

सोनीच्या फुल फ्रेमवर एफई ३५ एमएम एफ/१.८, २८० ग्रॅम. क्रॉपवर ई ३५ एमएम एफ/१.८ ओएसएस, तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे आणि दृश्य ५० च्या थोडं पुढे. फुजीफिल्मवाल्यांची चैन आहे: एक्सएफ २३ एमएम एफ/२ आणि ३५ एमएम एफ/२, दोन्ही पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास आणि दोन्हींना पावसाच्या शिंतोड्यांपासून संरक्षण. मायक्रो फोर थर्ड्सवर ऑलिम्पसची १७ एमएम एफ/१.८ आणि पॅनासॉनिकची २५ एमएम एफ/१.७, दोन्ही सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर. पॅनासॉनिकची २० एमएम एफ/१.७ खूप लाडकी लेन्स आहे, पण तिचा ऑटोफोकस सावकाश, पळणाऱ्या पोरांसाठी नाही.

सिग्माची ३० एमएम एफ/१.४ डीसी डीएन क्रॉप मिररलेसच्या अनेक माउंटवर (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती जोडणी) मिळते. २६५ ग्रॅममध्ये एफ/१.४ हवंच असेल तर ती बघा.

लेन्स बॉडीला बसेल का, हे कसं ओळखायचं?

माउंटचं नाव जुळलं पाहिजे, कंपनीचं जुळून भागत नाही. कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ कॅमेऱ्यावर कंपनीच्या अ‍ॅडॅप्टरने बसतात आणि ऑटोफोकसही व्यवस्थित चालतो. उलट दिशेने, आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाही. ईएफ-एम हे तिसरंच माउंट आहे आणि ते आरएफशी जुळत नाही.

निकॉनमध्ये एक खाच आहे. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या डीएसएलआर बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी एएफ ५० एमएम एफ/१.८डी लेन्स त्यावर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. तिथे एएफ-एस अशी अक्षरं असलेली लेन्सच घ्या. एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्येही मोटर नाही, त्यामुळे झेड कॅमेऱ्यावरही त्या ‘डी’ लेन्सचं तेच होतं.

फुल फ्रेमची लेन्स त्याच माउंटच्या क्रॉप बॉडीवर बिनधास्त लावा.

स्टॅबिलायझेशन नसेल तर अडेल का?

पोरांच्या फोटोंना नाही. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं हलणं सावरतं, समोरच्याचं हलणं नाही. रात्रीचा शांत चौक किंवा झोपलेलं बाळ यांना ते उपयोगी. नाचणाऱ्या मुलीला नाही, तिथे शटर स्पीडच हवा.

मुलं एका जागी थांबत नाहीत. सेटिंग काय ठेवू?

आधी शटर स्पीड ठरवा. चालणाऱ्या मुलाला १/२५०, पळणाऱ्याला १/५००, उड्या आणि पाण्याच्या शिंतोड्यांना १/१०००. बसून चित्र रंगवणाऱ्यालाही १/१२५ च्या खाली जाऊ नका, कारण मूल बसलं तरी हात बसत नाहीत.

मग बहुतेक कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओसोबत किमान शटर स्पीड ठरवून देता येतो, तो १/२५० वर लावा आणि वरची मर्यादा आयएसओ ६४०० ठेवा. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (भोक तुम्ही ठरवता, शटर स्पीड कॅमेरा). आता तुमच्या हाताशी एकच चाक उरलं, अ‍ॅपर्चरचं. प्राइममुळे झूमची रिंगही नाही, म्हणजे लक्ष पूर्णपणे पोरांवर. मॅन्युअल मोडचा हट्ट सहलीत नको. ढग आला, सावलीत शिरलो, की तुम्ही चाकं फिरवत बसाल आणि क्षण निघून जाईल.

फोकस सतत चालू ठेवणारा मोड निवडा: कॅननमध्ये सर्वो, इतरांत एएफ-सी. डोळा ओळखणारा फोकस असेल तर तोही चालू करा. उघड्या अ‍ॅपर्चरला त्याच्यासारखा सोबती नाही. जुन्या डीएसएलआरमध्ये ती सोय नसेल तर फोकसचा बिंदू चेहऱ्यावर सरकवून घ्या. मधल्या बिंदूने फोकस धरून मग कॅमेरा वळवायची जुनी सवय एफ/१.८ ला दगा देते: वळवताना फोकसची पातळी सरकते आणि डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात.

आणि खाली बसा. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढलेला फोटो वरून काढलेल्यापेक्षा नेहमीच बरा येतो, लेन्स कुठलीही असो.

खोलीतल्या फोटोंवर आडवे पट्टे येतात. लेन्स खराब आहे का?

लेन्सचा दोष नाही. एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला अनेकदा लुकलुकतात, आणि शटर फार जलद असलं किंवा इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की ती लुकलुक पट्ट्यांच्या रूपात उमटते. मेकॅनिकल शटर लावा, स्पीड १/१०० किंवा १/१२५ पर्यंत खाली आणा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तो चालू करा.

भर उन्हात एफ/१.८ वर फोटो पांढरेफट्ट येतात. का?

कारण शटरची मर्यादा संपते. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० हे जुनं गणित आहे. तिथून एफ/१.८ वर या, १/८००० लागेल. पुष्कळ कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/४००० ला थांबतं. उपाय सोपा: अ‍ॅपर्चर एफ/२.८ किंवा एफ/४ वर आणा. एफ/१.८ च हवं असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा. इलेक्ट्रॉनिक शटर त्याहून पुढे जाऊ शकतं, पण बहुतेक कॅमेऱ्यांत ते सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे पळणारी मुलं आणि फिरवलेली बॅट वाकडी दिसू शकते.

एवढे पैसे घातलेत, तर सगळे फोटो पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवरच काढावेत ना?

नको. डोंगर पाहायला एवढ्या लांब गेलात आणि घरी आल्यावर प्रत्येक फोटोत मागे हिरवा-निळा लगदा? असे फोटो घरामागच्या बागेतही निघाले असते. जागा ओळखू यायला हवी असेल तर एफ/४ ते एफ/८ मध्ये राहा. ३५ एमएम फुल फ्रेमवर एफ/८ ला पाच मीटरवर फोकस धरला, तर अडीच-तीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चांगलं स्पष्ट येतं.

एफ/१.८ राखून ठेवा ते अंधारासाठी, आणि मागे खरंच पाहण्यासारखं काही नसेल तेव्हासाठी: पार्किंग, कचऱ्याचे डबे, अनोळखी गर्दी. बऱ्याच परवडणाऱ्या प्राइम एफ/२.८ ला कोपऱ्यांपर्यंत जास्त धारदार होतात, आणि पांढऱ्या कपड्यांच्या कडांवर दिसणारी जांभळी-हिरवी झाकही कमी होते.

गटाचा फोटो कसा घ्यावा? आणि त्यात मी कसा येणार?

एका ओळीत सगळे असतील तर एफ/४, दोन ओळी असतील तर एफ/५.६, फोकस पुढच्या ओळीतल्या चेहऱ्यावर. एफ/१.८ ला मागच्या ओळीतले मामा धूसर होतात आणि ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कळतही नाही.

स्वतः यायचं असेल तर सेल्फ-टायमर किंवा कंपनीचं फोन अ‍ॅप. वाटसरूच्या हाती कॅमेरा देणार असाल तर आधी एफ/५.६, ऑटो आयएसओ आणि चेहरा ओळखणारा फोकस लावून द्या, आणि त्यांना जिथे उभं राहायचं तिथे नेऊन उभं करा. झूम नाही हे त्यांना ठाऊक नसतं, ते रिंग फिरवून बघतात आणि वैतागतात.

त्यापेक्षा एफ/२.८ ची झूम बरी नाही का?

लग्नाचे फोटो काढणार असाल तर बरी. फुल फ्रेमच्या २४-७० एफ/२.८ साधारण पाऊण किलोच्या आसपास असतात, आणि एफ/१.८ ची प्राइम तिच्या जवळपास अडीचपट प्रकाश घेते. सहलीत बाळाची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, झोपलेलं मूल खांद्यावर. त्यात हे ओझं कोण वाहणार ते आधी ठरवा.

फोनचा कॅमेराही एफ/१.८ चा आहे. मग फरक काय राहिला?

सेन्सरच्या आकाराचा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा एफ/१.८ मागच्या धूसरतेच्या आणि एकूण गोळा होणाऱ्या प्रकाशाच्या दृष्टीने फुल फ्रेमवरच्या एफ/६ ते एफ/८ इतकाच असतो. ती तूट फोन अनेक फोटो एकत्र जोडून भरून काढतो. देखावा, इमारत, स्थिर माणूस असेल तर ते काम फोन फार सुरेख करतो, तिथे त्याच्याशी स्पर्धा करू नका. पण अंधारात हलणारं मूल आलं की जोडकाम फसतं. मोठा सेन्सर आणि फास्ट लेन्स यांचं पारडं जड होतं ते तिथे.

एकच लेन्स नेली तर लांबचे प्राणी-पक्षी, नाटकाचं स्टेज?

राहतील. चालत असेल तर एकच न्या. चालत नसेल तर किट झूम किंवा लांब पल्ल्याची झूम बॅगेत टाका, पण कॅमेऱ्यावर प्राइमच लावून ठेवा. दोन-तीन प्राइम नेऊन वाळूत उभं राहून लेन्स बदलणं, हे काही सुट्टीचं काम नव्हे.

मॅन्युअल फोकसच्या स्वस्त फास्ट लेन्स मिळतात, त्या?

छंद म्हणून मस्त. मुलं असतील तर नको.

व्हिडिओसाठी काही वेगळं बघावं का?

फोकसची मोटर आवाज करते का ते ऐका. कॅमेऱ्याचा माइक तो आवाज पकडतो. दिवसा एनडी फिल्टर लागेल. चालत चालत व्हिडिओ काढायचा असेल तर स्टॅबिलायझेशन खरंच कामाला येतं.

वापरलेली लेन्स घेताना काय तपासू?

मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, परत द्या. धुळीच्या चार कणांनी काही बिघडत नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नसावं. मग सपाट विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरून एफ/२.८ ला फोटो काढा. चारही कोपरे साधारण सारखे दिसले पाहिजेत. एकच कोपरा किंवा एकच बाजू धूसर असेल तर आतली काच सरकलेली असू शकते. नवी लेन्स घेतली तरी ही भिंतीची चाचणी करावी.

वाळू, पाणी, दमट हवा?

लेन्स हूड कायम लावा: कडेने येणारा प्रकाश अडतो आणि काच आपटत नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साधा संरक्षक फिल्टर लावावा, एरवी मी लावायला सांगणार नाही, कारण रात्री दिव्यांची भुतं, म्हणजे खोटी प्रतिबिंबं, उमटतात. फिल्टरवर खारट थर बसला तर आधी ब्लोअरने वाळूचे कण उडवा, मग ओलसर कापड. उलट क्रमाने केलंत तर ओरखडे हमखास.

थंड एसीच्या खोलीतून दमट हवेत थेट बाहेर काढलेली लेन्स धुकटते. अर्धा तास बंद बॅगेतच बाहेर ठेवा, हळूहळू तापू द्या. परत आल्यावर बॅगेत सिलिका जेल.

सहलीच्या किती आधी घ्यावी?

निदान दोन-तीन आठवडे. बिघाड निघाला तर बदलून घ्यायला वेळ राहतो, आणि फोकल लेंथची नजर बसायलाही तेवढा वेळ लागतो.

त्याआधी पैसे न घालता दोन गोष्टी करता येतात. मागच्या सहलीचे फोटो उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ बघत जा. माणसांचे आवडते फोटो कुठल्या आकड्याभोवती गोळा होतात ते आपोआप दिसेल. दुसरं, किट झूम एका आकड्यावर ठेवून रिंगला चिकटपट्टी लावा आणि दिवसभर घरच्यांचे फोटो काढा: क्रॉपवर २३-२४, मग दुसऱ्या दिवशी ३५. झूम नसेल तर बऱ्याच फोनचा एकपट कॅमेरा २४ ते २६ एमएमसारखा असतो, दुप्पट झूम म्हणजे साधारण ५० आणि मधे १.४ पट म्हणजे ३५. ज्या आकड्याला मागे सरकताना पाठ भिंतीला टेकत राहील, तो यादीतून काढून टाका.